गावाला डॉक्टर हवा, म्हणून लेकीने तिसऱ्यांदा नीट द्यायची?

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. मुलीला बारावीला 74 टक्के मिळाले. नीट दोनदा दिली, पण सरकारी कॉलेज मिळेल एवढे गुण आले नाहीत. ती सहावीत असताना माझी बहीण बाळंतपणात गेली. झोळीत घालून पाड्यावरून रस्त्यापर्यंत आणली, गाडी उशिरा आली, दवाखान्यात डॉक्टर होते पण रक्त नव्हतं. पुढे पाठवलं, वाटेतच संपली. त्याच दिवशी ठरवलं, माझी लेक डॉक्टर होऊन गावात येणार. आता ती नर्सिंग करते म्हणते, पण डॉक्टरच्या हाताखाली आयुष्य काढण्यात काय अर्थ? तिसरा प्रयत्न करावा, की पतसंस्थेचं कर्ज काढून, दागिने मोडून तिला परदेशात एमबीबीएसला पाठवावं? हल्ली ती नीट जेवत नाही, पुस्तक उघडलं की रडते.

उत्तर :

नमस्कार गुरुजी,

तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे. मुलगी जेवत नाही, पुस्तक उघडलं की रडते. कर्जाचं, कॉलेजचं नंतर बघू, आधी हे.

सहावीतल्या पोरीने घरातलं मरण पाहिलं आणि त्याच दिवशी ते भरून काढायची जबाबदारी तिच्यावर आली. तेव्हापासून नीटमध्ये कमी पडणं म्हणजे तिच्यासाठी नुसते मार्क कमी पडणं राहिलेलं नाही. आपण आत्याला, बाबांना, अख्ख्या पाड्याला तोंडघशी पाडलं असं तिला वाटत असणार. असं ओझं मनावर घेऊन कुणाला बायोलॉजी सुचेल? तुमचं दुःख खरं आहे आणि त्यापुढे मी हात जोडते. पण ते दुःख भावाचं आहे. ते लेकीच्या प्रवेश अर्जात भरू नका. निदान महिनाभर घरात तिसऱ्या प्रयत्नाचा विषय काढू नका. तिच्याशी बोला, त्याहून जास्त तिचं ऐका. 14416 हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पंधरा दिवसांत जेवणखाण आणि झोप ताळ्यावर आली नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. त्यात कमीपणा काही नाही.

परदेशी एमबीबीएसबद्दल थोडक्यात : किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथे वर्षभर इंटर्नशिप, परत आल्यावर इथली पात्रता परीक्षा आणि पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. रडत अभ्यास करणाऱ्या मुलीला कर्ज काढून इतक्या लांब, एकटीला पाठवायला माझा साफ विरोध आहे.

आता तुमचं मुख्य म्हणणं. गावात डॉक्टर असता तर बहीण वाचली असती, असं तुम्ही धरून चाललात. पण तुमच्याच पत्रात आहे, डॉक्टर होते. नव्हती ती वेळेवर गाडी आणि रक्ताची पिशवी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव फार वेळ देत नाही. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं, इंजेक्शन द्यायचं असतं, आणि उपकेंद्रात ते सिस्टरच देते. पोट हाताने चाचपून गर्भाशय आवळतंय की नाही हे बघणारी, किती कपडा भिजला यावरून धोका ओळखणारी आणि आता थांबायचं नाही, गाडी बोलवा, असं ठणकावून सांगणारीही बहुतेक वेळा तीच. डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि 20,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं भरलेलं असलं तरी पाड्याच्या जवळ डॉक्टरआधी सिस्टर आणि आशाताईच असणार. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं, सगळं घरी जाऊन. नवजात बालमृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. त्यामुळे 'हाताखाली' हा शब्द मला खटकला. तुमची लेक जे करायचं म्हणते आहे ते कमी प्रतीचं नाही, आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे घडलं त्याच्या जास्त जवळचं आहे.

शिवाय एमबीबीएस झालेली मुलगी तुमच्याच गावात येईल याची हमी कुणी दिली? नेमणूक सरकार ठरवतं. पुढे तिला एमडी करावंसं वाटेल, लग्न होईल, ती दुसरीकडे रमेल. तो तिचा हक्क आहे. नर्सिंगलाही हेच लागू. गावात परतायची अट घालून शिकवू नका.

मार्ग सोपे आहेत. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्यासाठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. पुढे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, मात्र ही पदं बहुतेक कंत्राटी असतात, हे आधीच माहीत असू द्या. अनुभवानंतर मिडवाइफरीचं, म्हणजे बाळंतपण करण्याचं, 18 महिन्यांचं प्रशिक्षणही आहे. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि स्वतःचं किंवा जोडलेलं रुग्णालय आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. नुसत्या इमारतीत नर्सिंग शिकता येत नाही.

आणि गावासाठी जे करायचं आहे, ते गुरुजी, तुम्ही करा. मनापासून सांगते, लेकीपेक्षा तुमच्या हातात आज जास्त आहे. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावरच आहे की बसते, हे बघा. तिला दरवर्षी थोडा निधी येतो, तो कशावर जातो हे ग्रामसभेत विचारा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माहेरघर सुरू आहे का? दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन तिथे राहावं, यासाठीच ती योजना आहे. तिचा उपयोग झाला तर रात्री झोळी करायची वेळच कमी येईल. ज्या दवाखान्यात रक्त नव्हतं, तिथे रक्त साठवणूक केंद्र मंजूर आहे का, असेल तर बंद का, हे रुग्ण कल्याण समितीला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर ग्रामसभेचा ठराव जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. शिक्षकाने लिहिलेला अर्ज सहसा कुणी बाजूला टाकत नाही.

लेकीला तोवर जवळच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबरोबर आठवडाभर, त्यांच्या परवानगीने, लसीकरणाच्या दिवशी आणि गृहभेटींना जाऊ द्या. तुम्ही सोबत जाऊ नका. परत आल्यावर तिला काय वाटलं ते तिने स्वतः मला लिहावं, आणि सीईटीचा अर्ज भरायचा की नाही हेही तिनेच ठरवावं.