माझा पग फरशीवर ढुंगण घासतो आणि माशासारखा वास येतो, ग्लँड्स घरीच पिळल्या तर चालतील का?

घरी पिळता येतात, पण तुम्ही जे लिहिलंय (वय ४ वर्षं, वजन ११ किलो, शी बऱ्याचदा पातळ, सारखे पंजे चाटतो, खाणं दूध-पोळी आणि चिकन-भात) त्यावरून मी तरी आत्ता पिळू नका असंच सांगेन, आणि तुमचा ग्रूमर (कुत्र्याचे केस-नखं कापणारा) दर महिन्याला ग्लँड्स क्लीन करून घ्या म्हणतोय तेही थांबवा. पिळल्याने ग्लँडची पिशवी रिकामी होते, पण ती ज्यामुळे तुंबते ते कारण तसंच राहतं. आमच्या ल्हासा जातीच्या कुत्रीला हा त्रास कित्येक वर्षं होता, पिळून आणायचं, थोडे दिवस बरं, की परत घासणं सुरू. तिचा त्रास खरा कमी झाला तो खाणं बदललं आणि त्वचेच्या ॲलर्जीवर नीट औषधं सुरू झाली तेव्हा.

आधी हे काय असतं ते बघा. गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ वाजतात साधारण त्या जागी, दोन छोट्या पिशव्या असतात, त्याच या ग्लँड्स, आणि त्यात तो उग्र वासाचा स्राव साठतो. कुत्री एकमेकांना मागून हुंगतात ती याचसाठी, त्यांची ओळखच असते ती. शी घट्ट असली की बाहेर पडताना त्या पिशव्यांवर दाब येतो आणि दरवेळी थोडा थोडा स्राव आपोआप निघून जातो, म्हणजे निरोगी कुत्र्याला हे काम कोणी करून द्यावं लागत नाही. आणि कुत्रं खूप घाबरलं की त्या एकदम रिकाम्या होतात, दिवाळीत फटाक्यांच्या वेळी सोफ्यावर अचानक तो वास येतो तो हाच, त्याला आजार समजू नका.

आता शीच जर सारखी पातळ असेल तर दाब येणार कुठून? स्राव आत राहतो, घट्ट होतो, तोंड तुंबतं, मग जंतुसंसर्ग, मग गळू, आणि ते फुटलं की गुदद्वाराच्या शेजारी भोक पडून रक्त-पू येतो. वजन जास्त असलं की हे अजून वाढतं. पगचं वजन साधारण ६ ते ८ किलो असायला हवं, त्यामुळे तुमचे ११ किलो हा सुद्धा त्याच प्रश्नाचा भाग आहे, बिस्किटं आणि पोळीचे तुकडे आजपासून बंद, घरातल्या आजी-आजोबांनाही हात जोडून सांगा.

पंजे चाटणं तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. पंजे, कान आणि ढुंगण या तिन्ही ठिकाणी खाज असेल तर बहुतेक वेळा मागे ॲलर्जी असते, पिशव्यांच्या आसपासची त्वचाच सुजते आणि त्यांचं तोंड बंद होतं. काही कुत्र्यांमध्ये ही ॲलर्जी खाण्याची असते, आणि त्यात बीफ, दूध, चिकन, गहू ही नावं पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे आपल्याकडे घरोघरी कुत्र्याला जे देतात त्यातलंच बरंचसं. हे ओळखायला रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान ८ आठवडे त्याने आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा खास हायड्रोलाइज्ड फूड (ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात) द्यायचं आणि बाकी काहीही नाही, अगदी फ्लेवरची गोळी किंवा च्यू स्टिकसुद्धा नाही, एक बिस्किट गेलं तरी सगळी मेहनत फुकट जाते. कंटाळवाणं आहे, पण उत्तर यातूनच मिळतं.

शी घट्ट करायला लाल भोपळा उकडून, मीठ-मसाला काही न घालता, जेवणात एक-दोन चमचे देऊन बघा. किंवा साधं इसबगोल अर्धा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून, कोरडं कधीच नाही. फ्लेवरवालं किंवा गोडवा घातलेलं आणू नका, झायलिटॉल नावाचं स्वीटनर कुत्र्यांना विष आहे. थोड्यापासून सुरू करा, जास्त झालं तर शी अजून पातळ होईल.

जंतांचं म्हणाल तर ढुंगण घासलं की जंत झाले असं सगळेच सांगतात, ते नेहमी खरं नसतं पण तपासून घ्यायलाच हवं. शेपटीखाली किंवा शीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, तो पिसवांमुळे होतो, कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि जंत पोटात जातात. त्याला प्राझिक्वांटेल असलेलं औषध लागतं, नुसत्या पायरँटेलने (जंतांचं दुसरं एक नेहमीचं औषध) तो मरत नाही, आणि पिसवा तशाच राहिल्या तर परत होणार.

पिळण्याबद्दल. ग्रूमर करतात ते बहुतेक बाहेरून दाबणं, त्यात पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि काही त्रास नसताना सारखं दाबत राहिलं तर तिथे सूज येते. डॉक्टर ग्लोव्ह घालून वंगण लावलेलं बोट आत घालतात, बाहेरून अंगठा, आणि हळूहळू दाबतात, शिवाय काय निघालं ते बघतात, पातळ पिवळट-तपकिरी असेल तर ठीक, खूप घट्ट किंवा रक्त-पू मिसळलेलं असेल तर उपचार वेगळे, कधी गुंगी देऊन पिशवी धुवून आत औषध सोडावं लागतं. डॉक्टरांनी तुमच्या हाताने करवून घेऊन शिकवलं आणि त्यांनीच घरी करा म्हटलं तर जरूर करा. व्हिडिओ बघून नको. लाल झालंय, सूज आहे, हात लावला की ओरडतो, अशा वेळी तर बिलकुल नको, दाबलं की गळू आतल्या आत फुटू शकतं.

गळू झालंच तर त्याच दिवशी दवाखाना. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम असली माणसांची गोळी देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडन्या जातात. जखमेत हळद भरू नका, डेटॉल ओतू नका, सलाइनने धुवा आणि चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी मोठी कॉलर घाला. पावसाळ्यात तर जखम एक दिवसही उघडी ठेवू नका, माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही, आणि शेपटीखाली असल्यामुळे ते आपल्याला दिसतही नाही.

ऑपरेशन करून पिशव्या काढून टाकता येतात, पण शी रोखून धरणाऱ्या स्नायूची नस अगदी तिथेच असते, क्वचित कुत्र्याचा शीवरचा ताबा कायमचा जातो, म्हणून बाकी सगळं करूनही वारंवार गळू होत असेल तरच, आणि अनुभवी सर्जनकडेच. एक अपवाद गाठीचा. वय झालेल्या कुत्र्यात एकाच बाजूला टणक गाठ लागली आणि ते अचानक खूप पाणी प्यायला लागलं तर त्या पिशवीचा कॅन्सर असू शकतो, त्यात रक्तातलं कॅल्शियम वाढतं म्हणून तहान वाढते. तुमचा ४ वर्षांचाच आहे, शक्यता फार कमी, पण त्याचं वय वाढेल तसं दर वर्षीच्या तपासणीत बोट घालून बघायला सांगत जा, डॉक्टरही ते कधी कधी सोडून देतात.

तुम्ही ठाण्याचे आहात तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ पासूनचं, तुम्हाला जाण्यासारखं आहे. जाताना सकाळची ताजी शी डबीत घ्या, तो दिवसभरात काय काय खातो ते सगळं लिहून न्या, आणि ग्लँड्स पिळून द्या एवढंच सांगू नका, पंजे चाटतो हे आधी सांगा.