सहा जणांच्या कुटुंबाने दोन दिवसांत मुंबई कशी बघावी? ‘मुंबई दर्शन’ची बस घ्यावी का?

बस घेऊ नका. बाकीचं नंतर.

परभणीहून सहा माणसं, त्यात सत्तरीला आलेले आई-वडील आणि दोन मुलं, हातात दोन दिवस आणि प्रश्नासोबत पंधरा ठिकाणांची यादी. ही यादी मला तोंडपाठ आहे. माझे मोठे दीर अंबडहून घरच्यांना घेऊन आमच्याकडे मुलुंडला आले, तेव्हा भाऊजींच्या खिशात अशीच होती. मी म्हटलं, रजा टाकते, मी फिरवते सगळ्यांना. तर म्हणाले, “तू कशाला दगदग करतेस? बसवाला एका दिवसात सगळं दाखवतो. बुकिंग झालंय.” रजा मी टाकलीच होती, म्हणून मीही बसमध्ये चढले.

बस सकाळी सातची. लॉजालॉजांवरून माणसं गोळा करता करता पहिलं ठिकाण यायला साडेनऊ वाजले. तोवर धाकटा पुतण्या उलटी करून झोपी गेला होता. गाइड माइकवर ओरडणार, “डावीकडे बघा, मरीन ड्राइव्ह!” आणि उजवीकडे बसलेल्या सासूबाईंना दिसणार पलीकडच्या माणसाची टोपी. वस्तुसंग्रहालयाला पाऊण तास दिला, त्यातला निम्मा तिकिटाच्या आणि बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत गेला. दुपारी मात्र एका दुकानापुढे गाडी चांगली तासभर उभी. शोभेच्या वस्तू, चपला, ‘फॅक्टरी रेट’. तिथे कुणाला घाई नव्हती, गाइडला तर नाहीच नाही. मग नटांचे बंगले, म्हणजे नटांची फाटकं आणि फाटकांवरचे वॉचमन. रात्री भाऊजींनी यादीवर बरोबरच्या खुणा केल्या आणि समाधानाने जेवले.

माझे सासरे, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी मराठवाड्याच्या रस्त्यांवर लाल डबा चालवण्यात गेली. मुंबईत त्यांना एकच गोष्ट करायची होती. डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर बसायचं. हे दिवसभरात त्यांना कुणी विचारलंच नाही आणि स्वतःहून मागायचा त्यांचा स्वभाव नाही. रात्री भातावर ताक घेताना हळूच बोलले. भाऊजी म्हणाले, “अण्णा, दिवसभर बसमध्येच तर होतो की!”

दुसऱ्या दिवशी मी कुणाचं ऐकलं नाही. लोकलची गर्दी ओसरल्यावर सगळ्यांना घेऊन सीएसएमटीला आले. आधी समोरच्या फुटपाथवर उभं राहून स्टेशनची इमारत नीट बघितली. १८८७ पासून उभी आहे, जागतिक वारशात आहे आणि तिचा घुमट बघायला तिकीट लागत नाही. मग ११५ नंबरची डबलडेकर. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली. बेस्टची डबलडेकर १९३७ पासूनची, पण जुन्या डिझेलच्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये निघाल्या, आताच्या बॅटरीवर चालतात आणि एसी आहेत. वळणावर फांद्या काचेजवळ आल्या की अण्णांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहापाशी गाडी थांबल्यावर खाली उतरून ते थेट ड्रायव्हरकडे गेले. गिअर नाही, क्लच नाही, मग तुम्ही करता काय? एवढी उंच गाडी वळवताना अंदाज कसा घेता? ड्रायव्हरही बोलका निघाला. समोर समुद्र होता, आम्ही कठड्यावर बसलो, मुलांनी भेळ खाल्ली आणि परत जाताना अण्णांना पुन्हा तीच गाडी हवी होती.

भाऊजी अजून चारचौघांत म्हणतात, “मुंबईला जाऊन ही लोकं सिटीबसमध्ये बसून आली.” त्यांना एकदा विचारा, आदल्या दिवशीच्या यादीतलं काय काय आठवतं म्हणून. मी विचारलंय. गेटवे आठवतं, आणि दुकानातून आणलेला हत्ती.

आता तुमचं. सीएसएमटीला सकाळी उतरणार असाल तर मुक्काम तिथेच फोर्टात किंवा फार तर दादरला करा. नवी मुंबईच्या मामेभावाकडे फुकट राहाल, पण रोजचे तीन तास त्यात जातील आणि वहिनीला सहा जणांचा स्वयंपाक पडेल तो वेगळाच. एक दिवस दक्षिण मुंबईचा, तोही पायी. हुतात्मा चौक, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, गेटवे हे सगळं एका रेषेत आहे, आई-वडिलांच्या चालीनेही होतं, मध्ये बसायला जागा आहेत. हुतात्मा चौकात मुलांना दोन मिनिटं उभं करून संयुक्त महाराष्ट्राचं सांगा, बसवाला सांगत नाही. सूर्यास्त बघायला गेटवेला जाऊ नका. ते पूर्वेला, बंदराकडे तोंड करून आहे. सूर्य मरीन ड्राइव्हला मावळतो.

दुसऱ्या दिवशी घारापुरी, म्हणजे एलिफंटाची लेणी, दुसरं काही नाही. गेटवेहून लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात, जायला तासभर. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, लाजू नका. वीस फुटी त्रिमूर्तीसमोर पोचलात की घाई करू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. माकडं हातातली पिशवी ओढतात. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटत नाहीत, हे येण्याआधी बघून घ्या.

वाहनांचं म्हणाल तर वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच जण, म्हणजे तुम्हाला दोन टॅक्स्या लागणार. त्यापेक्षा मेट्रो ३ घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते. सिद्धिविनायक, दादर, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट सगळं तिच्याच वाटेवर आहे, लिफ्ट आहे, आई-वडिलांना लोकलमध्ये कोंबायला नको. सिद्धिविनायकाला मंगळवार टाळा. लोकल घेतलीतच तर सकाळी साडेअकराच्या आधी सीएसएमटी-चर्चगेटच्या दिशेने आणि संध्याकाळी पाचनंतर उलट दिशेने मुळीच नको, आणि रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद आहेत का, ते बघा.

तुमच्या यादीतलं तारापोरवाला मत्स्यालय खोडा, ते केव्हाच बंद झालंय. सी लिंक टॅक्सीतून जाताना दिसला तर दिसला. उरलेल्यातलं काय ठेवायचं ते मला विचारू नका, वडिलांना विचारा, आणि सगळ्यांसमोर नको, एकटे असताना. एवढं मात्र मान्य करते, की ज्यांना अजिबात चालवत नाही आणि सोबत ओळखीचं कुणी नाही, त्यांना बसशिवाय इलाज नसतो. मग निदान दुकानात थांबणार का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

मुलांची वयं तुम्ही लिहिली नाहीत. पाचच्या आतली असतील तर घारापुरी कापा आणि भायखळ्याच्या राणीबागेत जा. पेंग्विन आहेत, सावली आहे, मुलं दमून झोपतात. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असते.