व्यसनावर रिसर्च करताना लोक खरं सांगतात का?

दारू-ड्रग्ज घेणारी माणसं खोटंच बोलणार, मग त्यांना विचारून केलेल्या रिसर्चला अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय. माझी पीएचडी होऊन दोनच वर्षं झालीत, मोठा तज्ज्ञ वगैरे नाही, पण रोजचं काम हेच आहे म्हणून सांगतो.

लोक आपल्याला वाटतं तेवढं खोटं बोलत नाहीत हो. घोळ बऱ्याचदा आपल्या प्रश्नात असतो. सुरुवातीला मी सरळ विचारायचो रोज किती पिता, उत्तर यायचं "फार नाही, दोन-तीन पेग". आता पेग म्हणजे किती? स्टँडर्ड ड्रिंक म्हणून माप असतं पण तेही ब्रिटनमध्ये 8 ग्रॅम अल्कोहोल, ऑस्ट्रेलियात 10 आणि अमेरिकेत 14, आणि घरी कोण मोजून ओततंय. म्हणून आता मी रिकामा ग्लास आणि पाण्याची बाटली पुढे ठेवतो, म्हणतो नेहमीसारखं ओता. मग ते पाणी मापात घातलं की समोरचाच चाट पडतो. (मी माझाही पेग मोजला होता, ते जाऊ दे.)

दुसरं म्हणजे कॅलेंडर. टाइमलाइन फॉलोबॅक म्हणतात, लिंडा आणि मार्क सोबेल या मानसशास्त्रज्ञांची पद्धत. आधी पगार, लग्नकार्य, आजारपण, भांडणं अशा तारखा टाकायच्या आणि त्यांच्या आधाराने एकेक दिवस आठवायचा. वेळ खातं, पण "साधारण किती" पेक्षा कितीतरी बरं.

लघवीची टेस्ट करा की, असं सगळे सुचवतात. एकाने गांजा सोडून तीन आठवडे झाले म्हणून सांगितलं, टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मी मनातल्या मनात त्याला खोटारडा ठरवून मोकळा. गाईडने झापलं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यावरही कित्येक आठवडे अंश सापडतो, उलट दारू काही तासांत निघून जाते.

खोटं बोलतात ते खरं बोलून नुकसान होणार असेल तेव्हा, नोकरी जाईल, मुलांचा ताबा जाईल. म्हणून माहिती कुणाकडे जाणार नाही हे आधी सांगावं लागतं आणि ते पाळावंही लागतं.

ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी 1971 मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास केला, तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात जेमतेम 5 टक्के पुन्हा अडकले होते. कित्येकांना ते पटेना. पण बाईंनी मुलाखतींबरोबर लघवीचे नमुनेही घेतले होते.