१८८७ चे ०.४३५ मोठे की १९०८ चे ०.३५४? जुन्या बॅटरांची तुलना कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९२० च्या आधीच्या बेसबॉल बॅटरांच्या एकेका मोसमाच्या सरासऱ्या (हिट भागिले संधी; हिट म्हणजे फटका मारून धावेच्या वाटेवरचा टप्पा, म्हणजे बेस, गाठणे) शीटमध्ये भरल्या आणि उतरत्या क्रमाने लावल्या. वर आले ह्यू डफी (१८९४, ०.४४०), टिप ओ'नील (१८८७, ०.४३५) आणि रॉस बार्न्स (१८७६, ०.४२९). होनस वॅग्नरचे १९०८ चे ०.३५४ कुठल्या कुठे खाली गेले. मग वॅग्नरचे एवढे नाव का, आणि नीट मोजायचे तर सूत्र कोणते?

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. शीटमध्ये आणखी एक रकाना करा आणि खेळाडूच्या सरासरीला त्याच वर्षीच्या, त्याच लीगच्या सरासरीने भागा. १८९४ साली नॅशनल लीगची सरासरी ०.३०९ होती, म्हणजे डफीचा भागाकार १.४२. १९०८ साली तीच सरासरी ०.२३९ होती, म्हणजे वॅग्नर १.४८. एका भागाकारात क्रम फिरला.

चौदा वर्षांत लीग एवढी खाली का आली, हे समजल्याशिवाय मात्र या भागाकाराला अर्थ नाही. १८९२ पर्यंत पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) एका चौकोनातून चेंडू टाकायचा आणि त्या चौकोनाची पुढची रेषा ५० फुटांवर होती. १८९३ पासून त्याचा पाय ६० फूट ६ इंचांवरच्या पट्टीला बांधला गेला. चेंडू बघायला बॅटरला जास्त वेळ मिळू लागला, पिचरची लय बिघडली आणि १८९२ ची ०.२४५ सरासरी दोन वर्षांत ०.३०९ झाली. डफीचे ०.४४० या लाटेवरचे आहे. पुढे नॅशनल लीगने १९०१ साली आणि अमेरिकन लीगने १९०३ साली फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, चेंडू स्ट्राइक (तीन झाले की बॅटर आउट) धरायला सुरुवात केली. त्यातच पिचर चेंडूला थुंकी लावायचे आणि एकच काळवंडलेला, मऊ पडलेला चेंडू खेळात कितीतरी वेळ चालायचा. अशा काळात वॅग्नरने ३९ डबल, १९ ट्रिपल आणि १० होम रन (दोन, तीन आणि चारही बेस मिळवून देणारे फटके) मारले. त्याचे स्लगिंग (दर संधीमागे फटक्यांनी मिळवलेले बेस) ०.५४२, लीगचे ०.३०६. मला विचाराल तर त्या दशकातला सर्वात थक्क करणारा मोसम तोच.

आता ओ'नीलकडे या, कारण त्याच्या आकड्यात वेगळीच भानगड आहे. जुन्या पुस्तकांत तुम्हाला त्याचे १८८७ चे ०.४९२ सुद्धा सापडेल. त्या एका वर्षी वॉक (पिचरच्या खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) म्हणजे हिट असा नियम होता. पुढच्या वर्षी तो काढला आणि १९६८ साली नोंदींसाठी नेमलेल्या समितीने १८८७ चे वॉकही हिटमधून वगळायचे ठरवले. माझ्या पहिल्या शीटमध्ये मी दोन ठिकाणांहून आकडे घेतले होते, त्यातल्या एकात वॉक मोजलेले आणि दुसऱ्यात नव्हते. ती चूक लक्षात यायला मला दोन महिने लागले. म्हणून कळकळीने सांगतो, १८८७ ची ओळ भरताना आकडा कोणत्या हिशेबाचा आहे ते आधी तपासा. १८७६ मध्ये याच्या उलट होते. तेव्हा वॉक मिळाला तरी बॅटरच्या नावावर एक संधी खर्ची पडायची, म्हणजे वॉकने सरासरी खाली यायची.

वॉकबद्दल एवढा गोंधळ का, याचे मूळ आपल्या ओळखीच्या खेळात आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्सिटर गावी जन्मला, मुलगा असतानाच अमेरिकेत गेला आणि बेसबॉलच्या आधी क्रिकेटचा बातमीदार होता. क्रिकेटमध्ये वाइडची धाव बॅटरच्या खात्यात जात नाही, अवांतरात जाते. चॅडविकने वॉककडेही तसेच पाहिले: चूक पिचरची, बॅटरचे त्यात कर्तृत्व काय? पण बेसबॉलमध्ये वॉक मिळालेला माणूस पहिल्या बेसवर जाऊन उभा राहतो, तिथून धाव पूर्ण करू शकतो, आणि संघाचा एक आउट वाचतो. चांगले चेंडू निवडणे ही नजरेची कसोटी आहे. हे मान्य व्हायला फार काळ गेला. ऑन-बेस पर्सेंटेज (बॅटर किती वेळा बेसवर पोहोचतो त्याचे प्रमाण) अधिकृत आकडेवारीत आले ते थेट १९८४ साली.

सरासरीचा दुसरा दोष असा की तिला सिंगल (एका बेसचा फटका) आणि होम रन सारखेच. हे मी प्रथम म्हणत नाही. एफ. सी. लेन नावाच्या बेसबॉल पत्रकाराने १९१६ च्या सुमारास हाच मुद्दा लावून धरला होता. खिशात किती नाणी आहेत ते मोजायचे आणि कोणते नाणे किती किमतीचे ते बघायचेच नाही, असा हा हिशेब आहे, असे त्याचे म्हणणे. मग त्याने खरोखर १,००० हिट टिपून प्रत्येक प्रकारच्या हिटमागे सरासरी किती धावा होतात ते काढले. सिंगलला सुमारे ०.४६, होम रनला १.५५. आज संगणकावर लाखो चेंडूंच्या नोंदींतून सिंगलचे मोल ०.४७ च्या आसपास आणि होम रनचे १.४ च्या आसपास येते. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस इतका जवळ पोहोचला होता! तरी कोणी फारसे मनावर घेतले नाही.

मैदानाचा मुद्दा एका उदाहरणात संपवतो. शिकागोचा नेड विल्यमसन. १८८३ साली होम रन २ आणि डबल ४९. १८८४ साली होम रन २७. तिथल्या लेक फ्रंट पार्कची कुंपणे डावीकडे १८० आणि उजवीकडे १९६ फुटांवर होती, म्हणजे ५५ ते ६० मीटर. १८८३ पर्यंत कुंपणावरून गेलेला चेंडू तिथे डबल धरायचे, १८८४ साली होम रन धरला. त्या २७ पैकी २५ घरच्या मैदानावरचे. पुढच्या वर्षी संघाने मैदान बदलले आणि विल्यमसनचे होम रन ३ वर आले. पण तो २७ चा विक्रम १९१९ साली बेब रूथने २९ मारेपर्यंत टिकला. स्लगिंगचा रकाना भरताना पार्क फॅक्टर (मैदानानुसार करायची दुरुस्ती) का लागतो, ते यावरून कळेल. ओपीएस प्लस हा आकडा ऑन-बेस आणि स्लगिंग दोन्ही घेतो, त्यांना लीगशी ताडतो आणि मैदानाचा परिणामही वजा करतो. त्यात १०० म्हणजे सर्वसाधारण बॅटर. वॅग्नर १९०८ मध्ये २०५ वर आहे. तयार आकडा हवा असेल तर हाच घ्या.

आता तुम्ही म्हणाल, माझ्याच भागाकाराने बार्न्स सर्वांच्या वर जातो. ०.४२९ भागिले ०.२६५, म्हणजे १.६२. बरोबर आहे, आणि १८७० च्या दशकात हे सूत्र अडखळते हे मी मान्य करतो. बार्न्स एक खास फटका मारायचा. चेंडू आधी रेषेच्या आत टप्पा घेई आणि मग गिरकी खात बाहेर निघून जाई. तेव्हाच्या नियमाने तो फेअर, म्हणजे वैध, होता, आणि क्षेत्ररक्षक त्याच्यामागे बाहेर धावेपर्यंत बार्न्स बेसवर. १८७७ साली नियम बदलला, त्याच वर्षी तो आजारीही पडला, आणि सरासरी ०.२७२ झाली. दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, ते वेगळे करता येत नाही.

त्या काळी बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी खेळायचे. १८७६ साली एक संघ सामन्यात सरासरी ५.९ धावा करायचा आणि पिचरच्या माथी लागणाऱ्या धावा, म्हणजे ईआरए, जेमतेम २.३. बाकीच्या चुकांतून आलेल्या. अशा खेळात नुसता चेंडू मैदानात ढकलण्यालाही मोल होते, आणि सरासरीत त्याला जागा नाही. १८८६ पर्यंत तर चेंडू उंच हवा की खालचा हे बॅटर स्वतः सांगायचा.

शिवाय मोसम छोटे. बार्न्सचे सामने ६६. १८७१ साली लेव्ही मेयर्लीने २६ सामन्यांत १३० पैकी ६४ हिट मारून ०.४९२ गाठले. इथे मी असे करतो: त्याच्या खात्यात त्या वर्षीच्या सर्वसाधारण बॅटरच्या ३०० संधी मिळवतो. लीगची सरासरी ०.२९ धरली तर ८७ हिट वाढतात, आणि (६४ + ८७) ÷ ४३० म्हणजे ०.३५. ३०० हा माझा पसंतीचा आकडा आहे, तुम्ही २०० घ्या किंवा ५०० घ्या, पण सगळ्यांना एकच लावा. जॉश गिब्सनचे १९४३ चे ०.४६६ २०२४ साली मेजर लीगच्या नोंदींत आले. निग्रो लीगच्या (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग) त्या मोसमांनाही हीच रीत लावा, कारण लीगचे सामने कमी होते आणि गावोगाव फिरून खेळलेले सामने त्या नोंदींत धरलेलेच नाहीत.

नोंदींवर आंधळा विश्वास नको. १९१० साली टाय कॉब आणि नॅप लाजवे यांच्या सरासरीच्या अटीतटीच्या शर्यतीत कॉब जिंकल्याचे जाहीर झाले. त्याचा एक सामना दोनदा मोजला गेला होता, हे सत्तर वर्षांनी उघड झाले. म्हणून कारकिर्दीतले त्याचे हिट कुठे ४,१९१ दिसतील, कुठे ४,१८९. दोन्ही आकडे छापील आहेत. एक निवडा आणि शीटच्या वर तसे लिहून ठेवा.

सुरुवात १८९३ ते १९१९ एवढ्याच काळापासून करा. पिचरचे अंतर तेव्हापासून बदललेले नाही, त्यामुळे एक डोकेदुखी कमी. वॅग्नरची ओळ आधी भरा. भागाकार १.४८ आला की सूत्र बरोबर बसले, मग तेच खाली ओढा. १८९२ आणि त्याआधीची वर्षे वेगळ्या पानावर ठेवा.