झाड न तोडता त्याच्या वलयांवरून जुनं हवामान कसं कळतं?

तोडायची गरजच नसते. पोकळ गिरमिट हाताने फिरवत खोडाच्या गाभ्यापर्यंत नेतात आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशी लाकडाची कांडी ओढून काढतात. देवदारासारख्या झाडात ते भोक राळेने बुजतं.

कांडी घासून गुळगुळीत केली की फिकट-गडद पट्टे दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष. रुंद वलय म्हणजे उबदार वर्ष, असं बरेच जण धरून चालतात. पश्चिम हिमालयातल्या कोरड्या उतारांवरचा देवदार मात्र उलट सांगतो: मार्च ते मे कडक उन्हाचे आणि बिनपावसाचे गेले की जमिनीतली ओल आटते, वलय अरुंद होतं.

नुसती वलयं मोजून मात्र फसायला होतं. फार वाईट वर्षी वलय धरतच नाही. म्हणून त्याच जंगलातल्या अनेक झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून रुंद-अरुंद क्रम जुळवतात, आणि हरवलेलं वर्ष सापडतं. माझ्या मते या शास्त्राचा सगळा कस इथेच लागतो. मग अलीकडच्या वलयांचा वेधशाळेच्या नोंदींशी मेळ घालून मागची शतकं वाचतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हिमालयातल्या झाडांवर आणि आपल्या सागावरही असं काम केलं आहे.