वाचक विचारतात : बर्फातून सुटलेला ताफा आणि त्याचा सेनानी

प्रश्न : 1918 मध्ये अलेक्सेई श्चास्तनी यांनी रशियाचा बाल्टिक ताफा गोठलेल्या समुद्रातून कसा बाहेर काढला? आणि त्यांच्याच सरकारने त्यांना गोळ्या का घातल्या? (एक वाचक, सातारा)

उत्तर : झारशाही कोसळून वर्ष झाले होते. जर्मनीशी 3 मार्चला झालेल्या ब्रेस्ट-लिटोव्स्क तहानुसार रशियन युद्धनौकांनी रशियन बंदरांत परतायचे, नाहीतर निःशस्त्र व्हायचे होते. ताफा मात्र हेल्सिंगफोर्समध्ये, म्हणजे आजच्या हेल्सिंकीत, बर्फात अडकलेला. जर्मन आले तर तो आयताच त्यांच्या हाती पडला असता.

श्चास्तनी यांनी मोलाची जहाजे आधी हलवली. 12 मार्चला चार नव्या बॅटलशिप आणि तीन क्रूझर निघाल्या. पुढे ‘येरमाक’ व ‘वोलिनेत्स’ हे आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडणारी जहाजे. बर्फ पाऊण मीटरपर्यंत जाड, दाबाने उभे राहिलेले ढीग तीन ते पाच मीटर उंच. खरी अडचण रुंदीची होती. ‘येरमाक’ साधारण साडेएकवीस मीटर रुंद, तर बॅटलशिप जवळपास सत्तावीस मीटर. म्हणजे फोडलेली वाट मागच्या जहाजाला अपुरीच. कडेचा बर्फ त्याला स्वतःच्या अंगाने मोडावा लागे. दोन जहाजांत अंतर वाढले की वाट मिटे, कमी झाले की पुढचे अडकताच टक्कर होण्याची भीती. त्यात बरेच खलाशी घरी निघून गेलेले, भट्ट्या सांभाळायलाही माणसे अपुरी. तरी 17 मार्चला हा गट पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाड या नाविक तळावर पोचला.

पुढे ‘वोलिनेत्स’ फिनलंडमधल्या साम्यवादविरोधी ‘श्वेत’ गटाने पळवला आणि 3 एप्रिलला जर्मन फिनलंडच्या हान्को बंदरात उतरले. दुसऱ्या गटात बर्फ फोडायचे मुख्य काम ‘आंद्रेई पेर्वोझ्वान्नी’ या जुन्या बॅटलशिपवर आले. पातळ पत्र्याच्या विनाशिका आणि लहान जहाजे शेवटच्या गटात होती. त्यांना उघड्या आखाताऐवजी किनाऱ्यालगतच्या बेटांमधून नेले. हा निर्णय आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण सरकत्या बर्फाचा दाब तिथे कमी. 22 एप्रिलपर्यंत दोनशेहून अधिक जहाजे पोचली.

आता मृत्यूबद्दल. वेळ आली तर ताफा उडवून देण्याची तयारी ठेवा, असा आदेश वरून आला होता. जहाजे उडवणाऱ्या खलाशांना पैसे देण्याचीही सूचना होती. श्चास्तनी यांनी ती खलाशांच्या प्रतिनिधींसमोर उघड केली. खलाशांचा भरवसा लाभलेला झारच्या काळातला अधिकारी बोल्शेविक सरकारचा युद्धमंत्री असलेल्या ट्रॉट्स्कीला धोकादायक वाटला. 27 मेला श्चास्तनी यांना अटक झाली. खटल्यात साक्षीदार एकच, तोही ट्रॉट्स्की. आरोप प्रतिक्रांतीच्या, म्हणजे नवी क्रांतिकारी सत्ता उलथवण्याच्या, कटाचा. देहदंड रद्द झालेला असूनही 21 जूनला शिक्षा सुनावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मॉस्कोत त्यांना गोळ्या घातल्या. सोव्हिएत राजवटीत न्यायालयाने दिलेली ही पहिली मृत्युशिक्षा. कटाचा आरोप आम्हाला पटत नाही: ताफा शत्रूला द्यायचा असता, तर हेल्सिंगफोर्समध्ये नुसते थांबणे पुरले असते. 1995 मध्ये रशियाने त्यांना निर्दोष ठरवले.