साठीनंतर पहिल्यांदाच डोकं बिघडलं असेल, तर एक स्कॅन कराच

तुमच्या आईला ६८व्या वर्षी पहिल्यांदाच भास आणि संशय सुरू झालेत. मानसोपचारतज्ज्ञ मेंदूचा स्कॅन सांगतात, घरातले म्हणतात हा पैसे काढायचा धंदा. स्कॅनमध्ये मानसिक आजार दिसतो का, असं तुम्ही विचारलंय.

नाही दिसत. तरी करा. आयुष्यभर संसार चोख सांभाळलेलं माणूस उतारवयात एकाएकी बदलतं, तेव्हा आधी मेंदूत काही झालंय का ते बघायचं. 'म्हातारचळ लागला' म्हणून हात झटकणाऱ्यांची मला चीड आहे.

माझी माय गंगाखेडजवळच्या खेड्यात राहते. पोळ्याला ओसरीच्या पायरीवरून घसरली. टेंगूळ आलं, हळद लावली, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चुलीपुढं. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालूच होती. दसरा सरला आणि माय गप्प झाली. हरिपाठाला जाईना. मग सून भाकरीत काहीतरी कालवते म्हणायला लागली, ताट तसंच सारायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे. एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी वय विचारलं आणि संशयाच्या आजाराच्या गोळ्या लिहून दिल्या. पडल्या होत्या का, हे विचारलंच नाही. गोळ्यांनी ती दिवसभर झोपून राहायला लागली.

मला वेगळंच सलत होतं. अंगणातून जाताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागं राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. एक पाय अनवाणी, तशीच तापलेल्या फरशीवरून चालायची. संशयानं एकाच पायातली चप्पल कशी निसटेल? स्कॅन करू म्हणालो तर दाजी अडून बसले. "सत्तरीच्या बाईचा मेंदू बघून काय करायचंय? सोयाबीनचे पैसे मशीनवाल्याच्या घशात घालू नका."

मी तिला अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन्ही हात पुढं धरून डोळे मिटायला सांगितले. उजवा हात जागेवर राहिला, डावा हळूहळू वळत खाली आला. लगेच सीटी स्कॅन लिहिला. कवटी आणि मेंदूच्या मधे उजवीकडं रक्त साचलं होतं, मेंदू बाजूला ढकलला गेला होता. वयानं मेंदू थोडा आकसतो, वरच्या शिरा ताणल्या जातात, साध्या धक्क्यानं एखादी फाटते आणि रक्त आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं, असं त्यांनी समजावलं. म्हणूनच पडणं पोळ्याचं आणि भ्रम दसऱ्यानंतरचा. पुढं संभाजीनगरला रक्त पातळ करणारी गोळी थांबवून, कवटीला भोकं पाडून ते काढलं. आज माय त्याच सुनेच्या हातचं जेवते.

दाजी अजून म्हणतात, गोळ्यांनी उतरलं असतं. नसतं उतरलं. भ्रमाच्या गोळ्यांनी कवटीतलं रक्त निघत नाही. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ कित्येकदा नुसती उदासी म्हणूनच दिसते. मेंदूतलं पाणी तुंबलं की चाल बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही, विसर पडतो. हा आजार १९६५ सालापासून माहीत आहे आणि वेळेत सापडला तर पाण्याला वाट करून देता येते. घरात बसून हे कुणाला कळणार?

आता तुमच्या आईचं. घाईत सीटी पुरतो, काही मिनिटांत होतो आणि बहुतेकदा साचलेलं रक्त त्यात दिसतं. पक्षाघाताचे बारीक झटके शोधायला एमआरआय बरा. पेसमेकर असेल तर आधी सांगा. दोन-चार दिवसांतच बरळायला लागल्या असतील तर लघवीचा संसर्ग आणि रक्तातलं सोडियम आधी तपासा. थायरॉईड आणि बी-१२ पण. रिपोर्टात 'मेंदू आकसला' आलं म्हणून घाबरू नका, त्या वयात धडधाकट माणसांचंही तसं येतं. आणि हो, ज्यांना तरुणपणापासून आजार आहे, तोच पहिल्यासारखा उलटलाय, चाल-बोलणं ठीक आहे, त्यांच्या स्कॅनमधून सहसा नवं काही निघत नाही. तुमच्या आईचं तसं नाही, त्यांचं हे पहिल्यांदाच आहे.

मागच्या काही महिन्यांत पडल्या होत्या का, रक्त पातळ करायची गोळी आहे का, हे डॉक्टरांनी नाही विचारलं तरी तुम्ही सांगा. घरात आमच्या दाजींसारखं कुणी असेल तर त्यांच्या होकारासाठी थांबू नका, गाडी काढा.